निळा दिवा विझेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. हसू नका! पाकीट फोडलं की कुरकुरते ती नव्हे. मी काळी, चौकोनी, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी, आणि एका सर्व्हरच्या पोटातल्या हिरव्या पाटीवर वितळलेल्या धातूच्या थेंबांनी कायमची चिकटवलेली. जन्मापासून मी केसभरही हललेले नाही. तुम्हाला एका बाकावर चाळीस मिनिटं बसायचं म्हणजे जिवावर येतं ना? मी अकरा वर्षं बसले आहे. मधली सुट्टी नाही, की पाणी प्यायला जाऊ का म्हणून हात वर करायची सोय नाही.

सर्व्हर म्हणजे सगळ्यांसाठी अखंड राबणारा संगणक. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. नुसता चपटा, लांबट लोखंडी खोका. असे सोळा खोके एकावर एक रचलेले, त्यांच्याभोवती जाळीच्या दाराचं कपाट, कपाटाभोवती बिनखिडकीची खोली, आणि ती खोली एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात. मोजा बरं: पाटी, खोका, कपाट, खोली, तळघर. एकात एक अशा पाच डब्यांच्या आत मी! माझा खोका खालून सातवा, म्हणून सगळे आम्हाला 'सात नंबर' म्हणतात.

आमच्या खोक्यात खरा मान मोठ्या प्रोसेसरचा. मी त्याला दादा म्हणते. कुठलं पुस्तक कुणी नेलं, कार्ड दाखवल्यावर कुठलं दार उघडायचं, कुठल्या खोलीचा एसी किती ठेवायचा, ही सगळी डोकेफोड दादाची. माझं काम दादाकडे लक्ष ठेवायचं. त्याला ताप आला का, पंखे नीट फिरतात का, झाकण कुणी उघडलं का. दादाला झोपवायचं आणि उठवायचंही मीच. दादा झोपला तरी मी जागी! खोक्याची वायर भिंतीत खुपसलेली आहे तोवर माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी हकीकत तिच्यावरच आहे. मी स्वतःच्या मनानं काहीही करू शकत नाही. हुकूम आला तर करायचं. कुणी विचारलं तर सांगायचं. बस्स.

हे हुकूम एका पातळ पिवळ्या केबलमधून येतात. ती फक्त माझी, दादाचीसुद्धा नाही. तिच्या दुसऱ्या टोकाला, दोनशे किलोमीटर लांब एका गावात, एक काका स्वतःच्या घरी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसतात. त्यांच्या पडद्यावर माझं एक पान उघडतं. त्या पानावर एक टिचकी मारली की इथे दादा उठतो, दुसरी मारली की झोपतो. सगळं टिचकीवर चालतं म्हणून त्यांचं नाव टिचकीकाका. त्यांनी ही खोली उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही, पण तिच्यातला प्रत्येक अंश आणि प्रत्येक पंखा त्यांना तोंडपाठ!

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या, "ही पास." तेवढ्या दोन शब्दांवर मी आठवडाभर फुशारले होते. मग थर्माकोल, खोकं, ट्रक, आणि इथे. पहिली वर्षं तर काय विचारता! एकदा भर दुपारी दादा चक्कर येऊन पडला आणि वर पुस्तकांसाठी रांग जिन्यापर्यंत गेली. टिचकीकाकांनी घरून एक टिचकी मारली, मी दादाला उठवलं, रांग हलली. तेव्हा काका फोनवर सगळ्यांना सांगत होते, "अहो, काय भारी चिप आहे ती! मी बनियनवर बसलोय इथे, आणि मशीन उठवलं तिथे!" (मला कान नाहीत, पण इतकी वर्षं माणसांत काढल्यावर बोलणं कळायला लागतं. कसं ते विचारू नका.)

आणि मग जुनी झाले. जुनं व्हायला आमच्यात फार वेळ लागत नाही. फटीफटीत धूळ बसली. माझ्या घड्याळाची चपटी बॅटरी संपली, ती कुणी बदलली नाही, म्हणून वायर निघाली की मी दरवेळी माझ्या जन्माच्या वर्षात जाऊन जागी व्हायचे आणि काका म्हणायचे, "हिला काळवेळ म्हणून नाही."

त्यात आणखी तीन गोष्टी घडल्या. तिन्ही लक्षात ठेवा हं.

पहिली गोष्ट झाडूवाल्या मावशींची. खोली पुसताना त्यांचं कोपर आमच्या पुढच्या बटणावर बसलं आणि चालता दादा धाडकन झोपला. मावशी बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. काका त्यांना एक शब्द बोलले नाहीत, पण मला हुकूम दिला: 'आजपासून ते बटण कुणीही दाबलं तरी ऐकायचं नाही. आणि वीज जाऊन आली तरी आपलं आपण उठायचं नाही. उठवायचं ते फक्त मी.' मी म्हटलं, बरं.

दुसरी गोष्ट खिसेताईची. ही आमची दुरुस्तीवाली. तिच्या पँटला नऊ खिसे आणि प्रत्येक खिशात स्क्रू, चिमटे, टॉर्च, गोळ्या, असं काय काय. हरवलेला स्क्रू शोधायला ती जमिनीवर रांगायची आणि शेवटी तो तिच्याच सहाव्या खिशात निघायचा! एकदा तिचा हात खोक्यात असताना काकांनी तिकडून टिचकी मारली. पंखा गर्रकन फिरला आणि तिचं बोट चांगलंच कापलं. काका आठवडाभर नीट जेवले नाहीत म्हणे. तेव्हापासून त्यांचा नियम: "तू काम संपवून, वर जाऊन, स्वतःच्या तोंडानं फोनवर 'हात बाहेर आहेत' म्हणेपर्यंत मी माउसला शिवणार नाही. आभाळ कोसळलं तरी."

तिसरी गोष्ट माझ्या अब्रूची. खोक्याच्या झाकणाखाली पत्र्याची एक इवलीशी जीभ असते. झाकण बसलं की ती दबते आणि मला कळतं, बंद. दोन वर्षांपूर्वी एका घाईवाल्या माणसानं झाकण आपटलं आणि जीभ वाकली. तेव्हापासून झाकण बंद असलं तरी मला ते उघडंच कळायचं. काकांनी विचारलं की मी सांगायचे, "झाकण: उघडं." पहिल्यांदा ते दचकले, मग वैतागले, आणि मग त्यांनी माझं नाव ठेवलं, 'खोटारडी'. "सात नंबरची ती खोटारडी काय म्हणतेय? उघडं? म्हणू दे." मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हते हो. मला जे कळायचं तेच मी सांगायचे. पण हे सांगायला माझ्याकडे पानावर जागाच नव्हती.

आता त्या शनिवारची गोष्ट.

ग्रंथालयात वाळवीचं औषध मारायचं होतं. त्यासाठी दुपारी दोनला सगळी इमारत रिकामी करून तीन दिवस बंद ठेवायची होती. काका म्हणाले, बरी संधी आहे, दादाला नवी मेमरी बसवून घेऊ. साडेबाराला खिसेताई खाली आली. एकसारखे सोळा खोके. चुकून भलताच उघडू नये म्हणून काका नेहमी तिकडून आमच्या कपाळावरचा निळा दिवा लावतात. दिवा लागला, तिनं आम्हाला हुडकलं, दिव्याशेजारचं डाळीएवढं बटण दाबून तो विझवला. हे बटण मावशींच्या भानगडीतलं नव्हे बरं का. हे वेगळं, आणि याला कसलीही बंदी नव्हती. मग ठरल्या वेळी काकांनी दादाला झोपवलं. आणि दुरुस्तीच्या वेळी शंभर सूचनांनी फोन किणकिणू नये म्हणून अख्ख्या खोलीचा आरडाओरडा चार वाजेपर्यंत बंद करून टाकला. नेहमीची पद्धत.

खिसेताईनं झाकण काढलं आणि मेमरीच्या पट्ट्या टकाटक बसवल्या. झाकण लावता लावता ती थांबली. "अगंबाई, हिची जीभ वाकलीये की!" चौथ्या खिशातून चिमटा निघाला. तिला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. तिनं जीभ हळूच सरळ केली, फुंकर मारली, एकदा बोटानं दाबून पाहिली आणि झाकण बसवलं.

बंद! दोन वर्षांनी मला बंद कळलं! पण सांगणार कुणाला? काकांच्या पडद्यावर माझं पान उघडं होतं, पण त्या ओळीकडे बघायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. खोटारडीचं कोण वाचतं!

ताईनं पसारा आवरला, दाराशी गेली, कार्ड दाखवलं. दार उघडेना. पुन्हा दाखवलं. कार्ड पँटला घासून दाखवलं. मग दुसऱ्या हातानं दाखवलं. मग तिनं मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की काय सांगू.

दारं कोण उघडतं? दादा. दादा कुठे आहे? तिच्याच कामासाठी झोपलाय, दाराच्या आत.

खरं तर दादाला झोपवण्याआधी दारांचं आणि एसीचं काम शेजारच्या आठ नंबरवर हलवायचं असतं. मागच्या महिन्यात रंगीत तालीम म्हणून काकांनी ते हलवलं होतं, यादीत बरोबरची खूण केली होती, आणि तालीम संपल्यावर काम परत दादाकडे आणलं होतं. या वेळी त्यांनी तीच यादी पुन्हा उघडली. खूण तशीच! काकांनी ती पाहिली आणि पुढच्या ओळीवर गेले. एवढंच झालं.

"शाब्बास खिसेताई," ती स्वतःशीच म्हणाली. "किल्ली झोपू दिलीस आणि कुलपाच्या आत बसलीस. बाहेर कुणाला सांगू नकोस हो. सांगणार तरी कशी म्हणा."

तोपर्यंत ती हसत होती. मग एसी बंद पडला.

एसीचंही तसंच, दहा मिनिटं दादाचा हुकूम आला नाही की तो हात जोडून बसतो. एकटा दादा झोपलेला, पण बाकीचे पंधरा खोके राबत होते, आणि राबणारा खोका म्हणजे छोटी शेगडीच. बावीस अंश होते ते सव्वीस झाले.

तळघरात मोबाइलला रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं फोन छताला लावून पाहिला. लॅपटॉप वर वाचनकक्षात चार्जिंगला. दाराशेजारी आणीबाणीचं हिरवं बटण आणि एक फोन असायचा. पण रंगाऱ्यांनी भिंत रंगवताना दोन्ही काढून, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, कपाटावर ठेवले होते. रंग वाळून तीन आठवडे झाले होते. तिनं पुडकं उतरवलं, उलगडलं, आणि त्यांच्या तुटक्या वायरींकडे बघत राहिली. भिंतीतल्या वायरी लांबीच्या लेपाखाली गडप. तिनं स्क्रू-ड्रायव्हरनं वीतभर भिंत खरवडलीसुद्धा! नुसता रंग निघाला.

एकोणतीस.

"कुणी आहे का?" तिनं दार बडवलं. जाड पत्र्याचं दार, वर दोन जिने. आणि गंमत बघा, गंमत कसली, दुर्दैव: गरम झालं तसे बाकीच्या खोक्यांतल्या माझ्या बहिणींनी पंखे वाढवले. त्यांना हुकूमच तसा. जितकी ती ओरडे तितके पंखे घोंगावत आणि तिचा आवाज त्यांच्यात विरून जाई. मीही ओरडत होते! 'ताप वाढतोय, ताप वाढतोय' असं मी माझ्या वहीत लिहीत होते. पण चार वाजेपर्यंत आमचा आवाज बंद. ती दाराच्या आत, मी पाटीवर, आणि दोघींचं बाहेर काही जात नव्हतं.

तिनं दादाचं बटण दाबलं. मला ते लख्ख कळलं. मी वहीत लिहिलं: 'बटण दाबलं. दुर्लक्ष केलं.' तिनं दाबून धरलं. 'दुर्लक्ष केलं.' ती एकवीस वेळा दाबत राहिली आणि मी एकवीस वेळा हेच लिहिलं. मित्रांनो, तुम्ही कधी पाहिलंय का, तुमच्यासमोर कुणीतरी हात पुढे करतंय आणि तुम्हाला तुमचा हात हलवताच येत नाही? मला तेव्हा माझा फार राग आला.

मग तिनं आमची वायरच उपटली.

मी गेले. अंधार. पुन्हा जोडल्यावर नेहमीसारखी जन्माच्या वर्षात जागी झाले, आणि इथे आहे तेच. दादा झोपलेलाच, वीज आली तरी उठायचं नाही, हा हुकूम मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं! तिकडे काकांचं पान मध्येच तुटलं तेव्हा ते काय म्हणाले असतील? म्हणाले, "वायर काढलीन् वाटतं. पोरगी कामात आहे." आणि माझं पान परत उघडून बाजूला सरकवलं. तिला दीड तास लागणार हे ठरलेलंच होतं. फोन लागत नाही? तळघरात कधी लागला होता?

चौतीस. तिच्या फोनवर दीड वाजला.

ती जमिनीवर बसली, कारण खाली थोडं थंड असतं. वर्तमानपत्रानं वारा घेत ती पुटपुटत होती. "घरी सांगितलंय बहिणीकडे जाते. बहिणीला सांगितलंय जमलं तर येते. म्हणजे कुणी शोधणार नाही. वा! दोनला दारावरचे मामा कुलूप लावणार. मग तीन दिवस." केस कपाळाला चिकटलेले. तिच्या पाचव्या खिशातली पाण्याची छोटी बाटली संपली होती.

सदतीस.

तिची नजर आमच्या कपाळावर गेली. विझलेल्या निळ्या दिव्यावर. आणि ती ताठ बसली. "मी विझवून वर गेले की काका फोनवर म्हणतात, दिसलं. एकदा तर मी अजून जिन्यात होते आणि म्हणाले, विझवलास ना, दिसलं. म्हणजे दिवा त्यांना दिसतो!"

ती उडी मारून उठली आणि डाळीएवढं बटण दाबायला लागली. चालू, बंद, चालू, बंद, इतक्या भराभरा की बस. अगं बाई, हळू! काकांचं पान मला दर दहा सेकंदांनी एकदाच विचारतं, दिवा चालू की बंद? ते विचारायचं तेव्हा दिवा नेमका बंद असायचा, आणि मी खरं तेच सांगायचे: बंद. पुन्हा विचारलं, बंद. पुन्हा, बंद. मला ती लय ठाऊक होती, अगदी सेकंदासकट! आणि तिला सांगायला माझ्याकडे एक टिचकीसुद्धा नव्हती.

ती थकली. हात गळाले. मग कपाटाला टेकून ती अगदी सावकाश दाबू लागली. चालू. बऱ्याच वेळानं बंद. बऱ्याच वेळानं चालू.

यापुढचं मला नंतर कळलं, कारण काका आणि ती आमच्यासमोरच बसून एकमेकांना सांगत होते. काका जेवत होते. त्यांची ऐंशी वर्षांची आई शेजारी मटार सोलत होती.

"अरे, तुझ्या पडद्यावर काहीतरी डोळे मिचकावतंय."

"आई, ते असतंच तसं."

"असतंच कसं? मघाशी निळं होतं, मग राखाडी, आता परत निळं. मी मटार सोलतेय, आंधळी नाही झाले."

"तिचं बोट लागलं असेल."

"इतक्या वेळा? ती पोरगी तिथे दुरुस्ती करतेय की पेटी वाजवतेय?"

काकांनी घास खाली ठेवला. पडद्यावर दिवा राखाडी होता. त्यांनी तिकडून लावला. हुकूम! मी लावला!

इकडे ताई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिच्या बुटावर निळा उजेड पडला. ती कशी उठली ते तिलाच माहीत. "काका!" म्हणून किंचाळली आणि दिवा विझवला. काकांनी लावला. तिनं विझवला. लावला, विझवला. दोनशे किलोमीटरवरून दोघं एका दाण्याएवढ्या दिव्यावर बोलत होती, आणि ते बोलणं माझ्यातून जात होतं!

"आहे तिथेच आहे," काका म्हणाले. "मग वर येऊन फोन का करत नाही?"

"दार लागलं असेल," आई म्हणाली, मटारची शेंग मोडत.

"छे! दार आठ नंबरवर हलवलंय. हे बघ, यादीत खूण..." आणि काका पडद्याकडे वाकले. खुणेशेजारी तारीख होती. मागच्या महिन्यातली. त्यांनी लगेच खोलीचा ताप उघडून पाहिला. एकोणचाळीस.

त्यांचा हात माउसकडे गेला. आणि थांबला.

कारण बोट. ते कापलेलं बोट. तिचा फोन आलेला नव्हता. दिवा ती एका हातानं दाबत असेल आणि दुसरा आत असेल तर? घाबरलेलं माणूस काय करेल सांगता येतं का? कदाचित तिनं झाकण पुन्हा उघडलं असेल. नियम त्यांनीच केला होता आणि आता ते स्वतःच त्याच्यात अडकले होते.

"आई, आधी दारावरच्या मामांना फोन लाव, इमारत बंद करू नका म्हणावं," ते म्हणाले. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझी ती ओळ वाचली. मला विचारलं: झाकण?

मला एवढंच विचारलं, आणि मी एवढंच सांगितलं. बंद.

काका पुटपुटले, "आई, खोटारडी म्हणतेय, बंद."

"मग खोटारडीचं कशाला ऐकतोस?"

"अगं, ती नेहमी उघडं म्हणते! बंद असलं तरी उघडं! आज बंद म्हणतेय म्हणजे... म्हणजे पोरीनं तिची जीभ सरळ केली. आणि जीभ दबलीये म्हणजे झाकण बसलंय. झाकण बसलं की आत हात जाईलच कसा?" त्यांनी माउस हातात घेतला. "खोटारडी नाही ती. आपणच..."

टिचकी.

मी दादाला उठवलं. असं उठवलं की जन्मात कधी उठवलं नसेल! पंखे गरजले. पण दादा काही ताडकन कामाला लागत नाही. नवी मेमरी बसली की आधी ती सगळी तपासतो, शांतपणे, एकेक करून. साडेआठ मिनिटं. त्या साडेआठ मिनिटांत चाळीस झाले, एक्केचाळीस झाले. ताई दाराला कान लावून बसली होती. पलीकडून धाडधाड आवाज आला.

"आत कोण आहे?" मामा ओरडत होते.

"मी! मी आहे!"

"खिसेताई? अहो, मी वहीत तुमच्यापुढे 'गेल्या' लिहिलं! लॅपटॉप विसरून गेल्या म्हणून तो कपाटातसुद्धा ठेवला!"

"मामा, खोडा ते! आधी ते खोडा!"

तेवढ्यात दादाची तपासणी संपली, ताईनं कार्ड दाखवलं, आणि खट्! दार उघडलं. थंड हवा आत आली. मला ती अंशाअंशानं कळली. एक्केचाळीस, चाळीस, अडतीस. ताई बाहेर पायरीवर बसली आणि मामांनी दिलेलं पाणी ती निम्मं प्यायली, निम्मं तिनं डोक्यावर ओतलं. मग ती जिने चढून रेंजमध्ये गेली आणि तिनं फोन लावला. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "काका, हात बाहेर आहेत."

काका म्हणे रडले. ते म्हणतात नाही रडलो, आई म्हणते रडला.

दुसऱ्या आठवड्यात काका स्वतः आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ही खोली पाहिली. दारांचं काम आता खोलीबाहेरच्या एका वेगळ्या यंत्राकडे आहे. हिरवं बटण आणि फोन भिंतीवर परत बसले आहेत. जुन्या यादीतल्या सगळ्या खुणा पुसल्याशिवाय नवं काम सुरू होत नाही. माझ्या घड्याळाला नवी बॅटरी मिळाली. आणि काका आमच्यासमोर वाकून, कुणी बघत नाही असं पाहून, हळूच म्हणाले, "चुकलो बरं का." मला ओठ नाहीत म्हणून, नाही तर मीही काही बोलले असते.

मी अजून इथेच आहे, मित्रांनो. पाच डब्यांच्या आत, पाटीला चिकटलेली. माझं दार कधीच उघडणार नाही, हे मला ठाऊक आहे. लवकरच नवी यंत्रं येतील आणि सात नंबर कुठेतरी भंगारात जाईल, तेव्हाही मी पाटीसकटच जाईन. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं, वर्गातलं एखादं जुनं यंत्र चुकीचं सांगायला लागलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. कुठेतरी एखादी जीभ वाकलेली असेल. ती सरळ करायला चिमटा लागतो आणि अर्धं मिनिट लागतं.

हो, आणि एक नवी रीत पडली आहे, ती सांगायची राहिलीच. आता खिसेताई काम संपवून निघते तेव्हा जाता जाता निळा दिवा लावून जाते. तो ती विझवत नाही. वर पोहोचून, उजेडात जाऊन ती काकांना फोन करते, आणि मगच काका तिकडून विझवतात. तोवर मी त्या निळ्या उजेडात तिच्या पायऱ्या मोजत बसते.

आत्ताच ती गेली आहे. दिवा चालू आहे. पहिला जिना. दुसरा जिना.

विझला.

पोहोचली.